रूट टेबल ‘साफ’ करायच्या आधी एकदा वाचा

पीक विम्याच्या फॉर्मची गर्दी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडच्या सेतू केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘नेट स्लो आहे? कमांड प्रॉम्प्टमध्ये रूट प्रिंट टाका. १२७.०.०.१, २२४.०.०.० असे अनोळखी पत्ते दिसले तर काँप्युटर हॅक झाला समजा. लगेच रूट -एफ मारा. साचलेला कचरा निघेल, स्पीड दुप्पट होईल.’

भाऊ, यातलं पहिलं काम तेवढं निर्धोक आहे. रूट प्रिंटनं रूट टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेनं जायचं याची काँप्युटरमधली यादी, फक्त दिसतं, बदलत काहीच नाही.

आता ते ‘अनोळखी’ पत्ते. १२७.०.०.१ म्हणजे काँप्युटर स्वतःच. २२४.०.०.० ची ओळ मल्टिकास्टची, एकच माहिती एकदम अनेकांना द्यायची असते तेव्हाची. नव्याकोऱ्या विंडोजवर, नेटची वायर काढून पाहा, तरी या ओळी असतातच.

आणि कचरा म्हणता ते काय आहे? गावात कसं असतं, आपल्या वावरात जायचं तर पांदण धरायची, आणि बाहेरगावी कुठंही जायचं तर आधी फाट्यावर यायचं. टेबलात १९२.१६८.१.० ही ओळ दिसते, पुढे मास्क (ओळीत कोणते पत्ते बसतात ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवेच्या, म्हणजे पुढे कुणाच्या हाती द्यायचं त्या रकान्यात ‘ऑन-लिंक’, म्हणजे थेट, मधे कुणी नाही. ही पांदण. प्रिंटर, शेजारच्या टेबलावरचा काँप्युटर, सगळं हिच्यावर. ०.०.०.० ची ओळ हा फाटा, तिच्यापुढे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. पत्ता दोन्ही ओळींत बसत असेल तर जास्त नेमकी ओळ जिंकते, म्हणून प्रिंटरला जाणारा कागद फाट्यावर जात नाही.

रूट -एफ नेमक्या याच दोन ओळी पुसतं. आणि ज्यांची भीती घातली, त्या १२७ आणि २२४ च्या ओळी जशाच्या तशा ठेवतं! गेल्या हंगामात शेजारच्या गावातल्या केंद्रावरून फोन आला, “दादा, नेट तर गेलंच, आता प्रिंटरही दिसून नाही राहिला.” मी पोचलो तेव्हा बाहेर माणसं सातबारा हातात धरून उन्हात उभी होती. तिथं आयपी, म्हणजे काँप्युटरचा पत्ता, हातानं भरलेला होता. गेटवे पुन्हा टाकला तेव्हा काम सुरू झालं, पण त्या लोकांची अर्धी दुपार गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

टेबल भरल्यानं नेट मंदावतं, हेही खोटं. आपल्या मशीनवर दहा-वीस ओळी असतात. इंटरनेटच्या मोठ्या राउटरांत आयपीव्ही४ चेच (वरच्यासारख्या चार आकड्यांच्या पत्त्यांचेच) नऊ लाखांहून जास्त मार्ग असतात.

टेबलात पाहण्यासारखं दुसरंच आहे. लाईन गेली की आपण मोबाईलचं नेट केबलनं जोडतो आणि मग तसंच राहू देतो. तेव्हा ०.०.०.० च्या दोन ओळी दिसतात, आणि ज्या ओळीचा मेट्रिक, म्हणजे वाट निवडायचा आकडा, कमी तिकडून नेट जातं. ब्रॉडबँड चांगलं असूनही काम मोबाईलवर रेंगाळत असेल तर केबल काढा, बस. ०.०.०.० ची ओळच नसेल आणि स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वायर आणि राउटर तपासा.

एवढं करूनही स्लोच असेल तर ट्रेसर्ट चालवा, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते ओळीओळीनं दाखवणारी कमांड. पहिल्याच ओळीला, म्हणजे राउटरलाच, वेळ लागत असेल तर दोष केंद्रातला. पहिली ओळ चटकन आली आणि तिथून पुढे सगळ्याच ओळी रेंगाळल्या, तर तो स्क्रीनशॉट घेऊन नेटवाल्याकडे तक्रार करा.