बाराच्या बंदुकीत वीसचं काडतूस 'बसतं' म्हणे!

अमेरिकेतल्या 2020 च्या काडतूस-टंचाईवरचा तो मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. या वेळी टाकणारा भाचा टेक्सासात राहतो, घरात शॉटगन (छऱ्यांची बंदूक) बाळगतो आणि खाली विचारतो, "मावशी, चौथा मुद्दा खरा का गं?" म्हणून हा खटाटोप.

मेसेजातले चार दावे असे: सरकारने 160 कोटी गोळ्या उचलून बाजार कोरडा केला, कंपन्यांनी माल दडवला, स्पोर्टिंग गुड्सची दुकानं माल मागच्या खोलीत ठेवतात, आणि 12 गेजची (गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप) काडतुसं मिळत नसतील तर 20 गेजची घ्या, 'आरामात बसतात'.

चौथ्यापासूनच सुरू करते. बसतात, हाच तर घोळ आहे. गेजचा हिशेब उलटा असतो: आकडा मोठा, नळी बारीक. बाराची नळी साधारण 18.5 मिलिमीटर, वीसची 15.6. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून (काडतूस बसतं ती नळीची मागची खोबण) पुढे सरकतं आणि नळी जिथे निमुळती होते तिथे त्याची कड अडकते. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं. चाप ओढला की नुसता 'टिक'. माणसाला वाटतं, भरायचंच राहिलं. तो बाराचं काडतूस घालतो, पुन्हा चाप ओढतो, आणि बूच बसलेली नळी फुटते. फुटते तीही बहुधा पुढचा हात जिथे धरलेला असतो त्याच्या आसपास. म्हणून तर तिकडे वीसचं कवच पिवळं ठेवायची पद्धत आहे. 'टिक' झालं की दुसरं भरायचं नाही. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते आधी पाहायचं.

रायफलवाल्यांनीही हसू नये. '.300 ब्लॅकआउट' नावाचं काडतूस '.223' जातीच्या काडतुसांच्याच मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या पेटीत) भरतं, पण त्याची गोळी 7.8 मिलिमीटर जाड आणि .223 ची नळी 5.7 ची. 5.56 हे .223 चंच लष्करी भावंड, त्याच्या रायफलीत .223 चालते, एवढं मान्य. उलटं नाही.

आता सरकार. 160 कोटी हा आकडा 2013 चा आणि, कबूल करते, अगदी हवेतला नाही. होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) खात्याच्या चार-पाच वर्षांच्या कंत्राटांची ती 'जास्तीत जास्त इतक्या' अशी कमाल मर्यादा होती. प्रत्यक्षात किती घेतल्या ते अमेरिकी काँग्रेससाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओने जानेवारी 2014 च्या अहवालात मांडलं: 2013 च्या आर्थिक वर्षात 8 कोटी 40 लाख, आधीच्या पाचही वर्षांपेक्षा कमी. खात्यात शस्त्रधारी 70 हजारांच्या घरात, म्हणजे माणशी महिन्याला शंभरेक. सरावातच उडतात त्या.

याच्याशेजारी 2020 ठेवा. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाने त्या वर्षी 84 लाख लोकांनी पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने पन्नासाचे दोनच बॉक्स नेले तरी 84 कोटी! खात्याच्या वर्षभराच्या दहापट, तेही नवख्यांच्या पहिल्याच फेरीत. शेल्फ रिकामं व्हायला कट कशाला हवा?

कंपन्यांनी दडवलं म्हणे. हातोहात खपणारा माल कोण दडवेल? अडलं होतं ते प्रायमरपाशी. काडतुसाच्या बुडातली ही ठिणगीची टिकली मोठ्या प्रमाणावर बनवणारी अमेरिकेत तेव्हा नावं चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. त्यातली रेमिंग्टन जुलै 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली. टिकलीतलं स्फोटक ओलं असतानाच भरावं लागतं, वाळलं की घासल्यानेही पेटतं. अशी नवी लाइन महिन्याभरात उभी राहत नाही. पितळ, शिसं, दारू सगळं हाताशी असलं तरी टिकलीवाचून काडतूस नाही.

राहिली दुकानं. वॉलमार्टने 2019 मध्येच पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद करायचं ठरवलं, त्यामुळे ती गर्दीही इतर दुकानांवर आली. ट्रक कोणत्या दिवशी येतो हे ठरावीक गिऱ्हाइकांना ठाऊक असायचं, हे खरं. म्हणूनच माणशी एक-दोन बॉक्सच्या पाट्या लागल्या. रांगेत उभं राहून ते बॉक्स नेणारे आणि दुप्पट भावाने ऑनलाइन विकणारेही होते, पण ती मंडळी काउंटरच्या अलीकडची, मागच्या खोलीतली नव्हेत.