७८ किलोमीटर शिल्लक

मी अकाउंट्सवाली. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात गेलीत, कोणी 'साधारण', 'अंदाजे', 'धरून चाला' असं म्हटलं की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर स्टिअरिंगच्या मागे ठळक दिसणारा तो आकडा. रेंज ३१८ किमी, म्हणजे आहे त्या चार्जवर गाडी अजून इतकी जाईल. ३१५ नाही, ३२० नाही, ३१८! एवढा नेमका आकडा सांगणारी वस्तू खोटं कशाला बोलेल असं मला वाटलं, आणि इथेच माती खाल्ली, कारण खोट्या बिलांवरचे आकडेसुद्धा अगदी नेमके असू शकतात हे निदान मला तरी माहिती असायला हवं होतं.

तर झालं असं की नणंदेकडे जायचं ठरलं. अंतर २४० किलोमीटर, त्यातले शेवटचे २२ घाटाचे. आदल्या रात्री गाडी शंभर टक्के चार्ज केली, सकाळी स्क्रीनवर तेच ३१८. मी मनात वजाबाकी केली, ७८ किलोमीटर शिल्लक. एवढं सरप्लस कोणत्याही ताळेबंदात दिसलं तर मी डोळे मिटून सही करेन. नवरा म्हणाला वाटेत एक फास्ट चार्जर आहे, दहा मिनिटं थांबू या का. मी म्हटलं कशाला? आकडा दिसतोय ना समोर? तो बिचारा 'बरं' म्हणाला आणि गाडी गेटबाहेर पडायच्या आत झोपला.

मागे सासूबाई आणि चिरंजीव. चिरंजीव दहावीत, म्हणजे त्यांना सगळंच येतं. हायवेला लागलो, रस्ता मोकळा, मी ११० ला गाडी लावली आणि गाणी सुरू केली. तिसाव्या किलोमीटरला सहज खाली नजर गेली तर आकडा २५०. मला वाटलं चष्मा पुसायला हवा. ३० किलोमीटर चाललो आणि ६८ गेले? वरचे ३८ कुठे गेले? ऑफिसात असं झालं असतं तर मी कॅशियरला समोर बसवून विचारलं असतं, इथे कोणाला विचारणार? चिरंजीव मागून शांतपणे म्हणाले, "आई, त्याला गेस-ओ-मीटर म्हणतात. ते मीटर नाहीये, तो अंदाज आहे."

अंदाज! आधी नाही का सांगायचं??

मग त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. गाडीला दोनच गोष्टी माहिती असतात, बॅटरीत वीज किती उरली आणि गेल्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही ती कशी उधळली. पहिलीला दुसरीने भागायचं आणि उत्तर छातीठोकपणे स्क्रीनवर लावायचं. आमची बॅटरी वापरायला मिळते ४० युनिटची. महिनाभर मी घर ते ऑफिस ट्रॅफिकमध्ये चाळीसच्या स्पीडने सरपटत होते, किलोमीटरला जेमतेम १२६ वॉट-अवर खर्च (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट), म्हणून गाडीचा समज झाला की ही बाई काटकसरी आहे, ३१८ जाईल. तिला काय माहिती बाई आज नणंदेला भेटायला ११० ने निघालीय आणि किलोमीटरला १९० उडवतेय. थोडक्यात काय तर तो आकडा पुढचं काहीच सांगत नाही, मागचं सांगतो आणि वर भविष्य म्हणून खपवतो. नॅव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकलं की रस्त्याचे चढउतार बघून जरा शहाणा हिशोब करणाऱ्या गाड्या असतात म्हणे. आमची त्यातली नाही.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं म्हणजे ह्यांचं 'पाच मिनिटांत आलोच' असायचं ना, तसलं दिसतंय हे." पुढच्या तीन तासांत ह्या विषयावर याहून चांगली व्याख्या मला सुचली नाही.

पण मी हट्टी. वाटेतला तो चार्जर आला तेव्हा दोन्ही स्टँड रिकामे होते, आणि मी, होय मीच, तोंड फिरवून पुढे गेले, कारण सकाळी नवऱ्याला 'आकडा दिसतोय ना' म्हणून बसले होते आणि तो नेमका तेव्हाच जागा होऊन खिडकीतून बघत होता. साठाव्या किलोमीटरला स्थिती अशी, रेंज १७९, उरलेलं अंतर १८०. एक किलोमीटर तूट. ७८ शिल्लक ते १ तूट, तासाभराच्या आत. एवढ्या वेगाने कंपन्यासुद्धा बुडत नाहीत.

मग सुरू झाला काटकसरीचा तो अध्याय, ज्याच्यावरून घरात मला अजून चिडवतात.

पहिला बळी एसी. बंद! बाहेर ऊन मी म्हणत होतं. काच खाली करायला गेला नवरा तर मी ओरडले, काच उघडली की वारा आत भरतो, विरोध वाढतो, वर कर! पाच मिनिटांत गाडीची भट्टी झाली, सासूबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, त्याला वीज लागत नाही म्हणून मी काही बोलले नाही. मग मोबाइलचं चार्जिंग काढायला लावलं. गाणी बंद. स्क्रीनचा उजेड कमी केला. मागच्या सीटवर मध्येच दिवा लागला तर मी "कोणी लावला तो?" असं विचारलं, आणि आवाज हुबेहूब माझ्या बाबांचा निघाला, जे आम्ही लहान असताना रिकाम्या खोलीतला पंखा बंद करत घरभर फिरायचे.

चिरंजीवांनी घाम पुसत पुसत मोबाइलवर हिशोब केला. एसी एकदा गाडी गार झाली की तासाला साधारण एक युनिट खातो. एक युनिट म्हणजे ८० च्या स्पीडला सात-आठ किलोमीटर. म्हणजे दोन तास उकडून घेऊन आम्ही फार तर पंधरा-सोळा किलोमीटर वाचवणार. (थंडीत हीटर याच्या दुप्पट-तिप्पट खाऊ शकतो, त्यामुळे सासूबाईंनी देवाचे आभार मानावेत असं मी सुचवलं. त्यांनी मानले नाहीत.) मोबाइल, गाणी, दिवा यांनी मिळून एक किलोमीटरसुद्धा नाही. खरा चोर कोण तर माझा उजवा पाय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ११० चे ८० केले की तो विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. नुसता स्पीड कमी केला तर उरलेल्या अंतरात दहाएक युनिटं वाचत होती, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर! मी मोठा खर्च सोडून पेन्सिली मोजत बसले होते. आमच्या क्षेत्रात ही चूक नव्या पोरांची समजली जाते.

तरी एसी मी लावला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

८० ला आलो. ज्यांना आयुष्यात नम्रता शिकायची आहे त्यांनी मोकळ्या हायवेवर ८० ने जाऊन बघावं. सगळं जग तुम्हाला ओव्हरटेक करतं. लक्झरी बस गेल्या, टेम्पो गेले, एक जुनाट जीप गेली जिच्यातून कोंबड्या आमच्याकडे बघत होत्या. एका ट्रकच्या मागे जरा अंतर ठेवून राहिलं की हवा कमी लागते असं वाचलेलं आठवलं, पण खरा फायदा हवा असेल तर इतकं चिकटून जावं लागतं की त्याने ब्रेक मारला तर रेंजचा प्रश्न कायमचा मिटेल, तेव्हा ते सोडून दिलं. मध्येच समोरून वारा सुटला. मी म्हटलं वाऱ्याने काय होणार, तर चिरंजीव म्हणाले आई, गाडी ८० ने आणि वारा समोरून २० ने म्हणजे हवेच्या दृष्टीने तू १०० ने जातेयस, विरोध दीडपटीच्या वर. हे वाक्य नवऱ्याने डोळे मिटूनच ऐकलं आणि लक्षात ठेवलं, ते का ते पुढे कळेलच.

ब्रेकशी माझं वैर झालं ते तेव्हाच. पाय सोडला की मोटर उलटी जनरेटर होऊन वीज बॅटरीत परत टाकते हे मला शोरूममध्येच सांगितलं होतं आणि मी ते 'फुकट वीज' असं ऐकलं होतं. फुकट कसली! आधी आपणच खर्च करून वेग घेतलेला असतो, त्यातलं जाता-येता गळून साठ-सत्तर टक्के हाती लागलं तरी नशीब. शंभर घालून पासष्ट परत आले याला आम्ही नफा म्हणत नाही. त्यापेक्षा मुळात उधळायचंच नाही, लांबून लाल सिग्नल दिसला की आधीच पाय हलका करायचा, गाडी आपल्या गतीने जात राहते, तोवर सिग्नल हिरवा. हे जमलं की इतका आनंद होतो की सांगून समजणार नाही. मागच्या गाडीवाल्याला मात्र होत नाही.

असं करत करत घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा बॅटरी २० टक्के, रेंज ६१, जायचंय फक्त २२. मी जिंकले! विजयाच्या भरात एसी लावला, सासूबाईंना विचारलं "गार वाटतंय ना आता?" आणि त्या म्हणाल्या, "आता वाटून काय उपयोग, सगळा घाम येऊन गेला."

आणि चढ लागला.

सहाशे मीटर उंची, माणसं-सामान धरून १९०० किलो वजन. शाळेत पीई म्हणजे एमजीएच (वर उचलायची ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची) पाठ केलं होतं, त्याचा उपयोग कधी होईल असं वाटलं नव्हतं, तो त्या घाटात झाला. नुसतं वर उचलायलाच तीन युनिटं, वर मोटरमधली गळती वेगळी, रस्त्याचा खर्च वेगळा. गाडीला बिचारीला पुढे डोंगर आहे हे माहितीच नव्हतं, ती सपाटीच्या हिशोबात ६१ सांगत होती. आता तिलाही कळलं आणि तिने हाय खाल्ली. ६१ चे ५२, वळण, ४४, वळण, ३६. मी एसी बंद केला. कोणी काही बोललं नाही. दहा किलोमीटर चढल्यावर रेंज २३ आणि जायचंय १२. मग १५ आणि जायचंय ८. दोन आकडे एकमेकांच्या अंगावर धावून येत होते आणि मी मधोमध. पाच किलोमीटर उरले असताना गाडीने आकडा दाखवणंच सोडून दिलं. तिथे फक्त तीन आडव्या रेघा. तीन रेघा! ज्या आकड्यावर विश्वास ठेवून मी चार्जरला तोंड फिरवलं त्याने ऐन वेळी मौनव्रत घेतलं. म्हणजे आमच्याकडे ऑडिट सुरू झालं की सगळ्यांची तब्येत बिघडते तसंच.

शेवटच्या चढावर पिवळं कासव पेटलं. सासूबाईंनी विचारलं हे काय. कासव पेटलं की गाडी मोटरची ताकद आवरती घेते, हळू का होईना पोचावं म्हणून. "शहाणं आहे," त्या म्हणाल्या, "त्याच्याकडेच द्यायची होती गाडी सकाळपासून."

३ टक्क्यांवर पोचलो. नणंदेने दार उघडलं तर आम्ही चौघं आंघोळ करून आल्यासारखे ओले, आणि मी कोणाला हाय-हॅलो न करता पहिलं वाक्य काय बोलले असेन तर "सॉकेट कुठे आहे?"

दोन रात्री राहायचं होतं म्हणून बरं, घरातल्या साध्या सॉकेटवर गाडी दिवसभर थेंब थेंब पीत राहिली. झोप येईना म्हणून मी वाचत बसले. युरोपात ब्रोशरमधली रेंज ज्या टेस्टवर काढतात त्या डब्ल्यूएलटीपीबद्दल वाचलं, २०१७ पासून आली ती. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, तापमान २३ डिग्री, एसी बंद, एक फेरी अर्ध्या तासाची, २३ किलोमीटर आणि सरासरी स्पीड ४६.५. म्हणजे त्या टेस्टमध्ये घाट नाही, समोरून वारा नाही आणि मागच्या सीटवर सासूबाई नाहीत. अमेरिकावाले प्रयोगशाळेतल्या आकड्यातून साधारण तीस टक्के कापून मगच छापतात, ते मला माझ्या वळणाचे लोक वाटले. दुसरं एक गमतीचं वाचलं, पेट्रोलच्या एका लिटरमध्ये जवळपास नऊ युनिटांची ऊर्जा असते, म्हणजे माझी अख्खी ४० युनिटची बॅटरी म्हणजे साडेचार लिटर पेट्रोल! साडेचार लिटरवर चार माणसं, तीन बॅगा घेऊन २४० किलोमीटर आणि घाट चढून आली की बिचारी, आणि मी दिवसभर तिला उधळी म्हणत होते. उठून चार्जरची वायर नीट बसलीय का बघून आले. आणि हो, ताशी १०० चा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी इलेक्ट्रिकच होती, १८९९ मध्ये, बेल्जियमच्या कामिय जेनात्झीची, आणि गाडीचं नाव होतं 'ला जामे कॉन्तॉन्त', म्हणजे कधीच समाधान नसलेली. त्यांनाही रेंजचा आकडा दिसत असता तर वेगळं नाव पडलं नसतं.

परत निघताना चिरंजीवांच्या सल्ल्याने ९० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवलं, कारण पूर्ण भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज ठेवायला जागा नसते. स्क्रीनवर रेंज १५४. घर २४० वर. नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. पण आता मी शहाणी झाले होते, गाडीला अजून परवाचा घाट आठवतोय, घाबरलीय ती, तिला समजून घ्यायचं. उतरायला लागलो आणि आकडा चक्क वाढायला लागला, १६०, १७५, १९८. पायथ्याशी २७० आणि बॅटरी अजून ९० टक्केच. गाडी चालवतोय आणि शिल्लक वाढतेय, असं मी आयुष्यात फक्त काही पुढाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. ८० ने, एसी लावून, गाणी लावून घरी पोचलो तेव्हा १५ टक्के उरले होते.

आता मी आकडा बघते, नाही असं नाही, पण पैसे मोजून घेते तसा, उलटसुलट करून. टक्के बघायचे, आपला खर्च आपल्याला माहिती असतो, भागाकार स्वतः करायचा, घाट असेल तर वेगळी तरतूद. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी तपासते. महिनाभर पुन्हा ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये सरपटून फुल चार्जला ३१८ परत मिळवले.

परवा रविवारी नवरा एकटा गाडी घेऊन मित्राकडे जाऊन आला, सोमवारी सकाळी फुल चार्ज झालेली गाडी सुरू केली तर स्क्रीनवर २३९. मी उलटी परत वर आले. तो दाढी करत होता. मी म्हटलं, काल किती स्पीडने गेला होतास?

"ऐंशी," तो आरशात बघत म्हणाला. "समोरून वारा होता."