आमच्याकडे वेगळा कप नाही

पुण्यातला माणूस घरी कसा वागतो हे त्याच्या बायकोला ठाऊक असतं आणि रस्त्यावर कसा वागतो हे सिग्नलवरच्या पोलिसाला. पण तो मनाने किती थोर आहे हे बघायचं असेल, तर त्याच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभाच गाठावी लागते. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असा कायदा आहे. त्यामुळे आमच्या कोथरुडात पितृपक्षाच्या आगेमागे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि सज्जनपणाचा हंगाम सुरू होतो.

ठरलेल्या वेळेला कोणी येत नाही. सूचनेतच लिहिलेलं असतं, की गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येची गरज राहणार नाही. एवढं स्पष्ट आमंत्रण असताना आधी यायचं कशाला? मी मीटरच्या पेट्यांजवळची खुर्ची धरतो. तिथून जिना जवळ पडतो. यंदा मात्र माझ्या आणि जिन्याच्या मध्ये एका आजोबांनी व्हीलचेअर लावली, आणि त्यांना बाजूला व्हा म्हणण्याइतका क्रूर मी सभेत तरी होऊ शकत नव्हतो.

ताळेबंद झाला, लेखापरीक्षक नेमला, टँकरच्या बिलावरून दरवर्षीची बाचाबाची झाली. मग आयत्या वेळचे विषय. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली मुलगी उठली आणि म्हणाली, "लिफ्टशेजारचा बोर्ड काढून टाकू या."

बोर्ड असा होता: 'घरकामाच्या बायका, दूधवाले व डिलिव्हरी बॉय यांनी लिफ्ट वापरू नये. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, हे लिहायची पुण्यात पद्धत नाही.

विषय खरं तर इथेच संपला होता. चार स्क्रू, एक स्क्रू ड्रायव्हर. बोर्ड राहावा असं म्हणणारा एकही जण सभेत नव्हता. पण अडचण तीच झाली. सगळ्यांनी नुसतीच संमती दिली असती, तर थोर ठरली असती ती मुलगी, आणि पंचवीस वर्षं मेंटेनन्स भरणारे आपण नुसते हात वर करणारे उरलो असतो. हे कोणाच्याच पचनी पडेना.

पहिले उठले चेअरमन. "हा बोर्ड बघून मला रोज यातना होतात," ते म्हणाले. ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून जिन्याने जातात, तेव्हा या यातना ते मुद्दाम वाट वाकडी करून घेत असणार. पाठोपाठ सायकलकाका उठले. त्यांना तर हा बोर्ड लागला तेव्हाच झोप आली नव्हती. मग बोर्ड लावला कोणी, असा सवाल निघाला. सेक्रेटरींनी जुनं इतिवृत्त काढलं. ठराव सर्वानुमते मंजूर. पुढे सूचकाचं नाव होतं, अनुमोदकाचं होतं, उपस्थितांच्या सह्या होत्या. त्यावर एकेक जण सांगू लागला, की त्या दिवशी आपण गावाला होतो. कोणी नगरला लग्नाला, कोणी गाणगापूरला, कोणी मुलाकडे न्यू जर्सीला. सगळे हिशेब जुळवले तर त्या सभेला वॉचमन एकटाच हजर होता आणि त्यानेच सर्वानुमते ठराव केला असावा.

यातून सुटका होण्याआधीच चर्चा बोर्डावरून घरात शिरली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे मावशी सोफ्यावर बसतात."

"आमच्याकडे त्यांना वेगळा कप नाही," चेअरमन म्हणाले.

"तो कान तुटलेला मग कोणाचा?" त्यांच्या सौभाग्यवतींनी हळूच विचारलं, पण लिलाव एकदा सुरू झाल्यावर अशा गोष्टी ऐकू जात नाहीत. कोणाकडे मावशी आधी चहा पितात आणि मग घरचे. कोणाकडे चहा साहेब करतात आणि मावशी फक्त साखर कमी पडली का ते सांगतात. सायकलकाकांनी बोली आणखी चढवली: आमच्याकडे मावशीच नाहीत, आपली भांडी आपणच घासायची हे तत्त्व आहे. यावर सभेत क्षणभर आदर पसरला. तो त्यांच्या सूनबाईंच्या चेहऱ्यावर मात्र पोहोचला नाही.

एकजण १९८० सालात गेले. त्या वर्षी पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, ही गोष्ट खरीच. मोठी गोष्ट. "त्या संपाला आमच्या आईचा पूर्ण पाठिंबा होता," ते म्हणाले.

"म्हणजे त्यांनी काय केलं?"

"भांडी स्वतः घासली ना!"

एवढ्यात कोणाचं तरी लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही काहीच बोलत नाही?"

"बोर्ड काढावा," मी म्हणालो.

"इतकंच?"

हा 'इतकंच' मी पुण्यात अनेक ठिकाणी ऐकलाय. टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांत ऐकलाय, नदी वाचवा म्हणणाऱ्यांत ऐकलाय आणि मराठी वाचवा म्हणणाऱ्यांत तर फारच. विरोधकाला या मंडळीत एक मानाचं स्थान असतं, कारण त्याच्याशिवाय आपला उजेड पडत नाही. पण मुद्दा मान्य आहे आणि आता घरी जाऊ या म्हणणारा माणूस कोणालाच नको असतो. माझा गळा दाटला नाही, मी पणजोबांचा दाखला दिला नाही, त्यामुळे मी मनातून बोर्डाच्या बाजूचा आहे असं चार जणांचं मत झालं. पुढचा वेळ मी पुरेसा व्यथित चेहरा धरून बसलो. एका जागी धरला की गालाला फार रग लागते.

पणजोबांवरून आठवलं. ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिथे चहाचा विषय निघावा आणि इतिहास निघू नये हे शक्यच नव्हतं. बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांनी सभेला १८९० मध्ये नेऊन बसवलं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान होतं, डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशांनी पुण्यातली मातब्बर मंडळी जमवली होती, आणि व्याख्यान झाल्यावर समोर आले चहा आणि बिस्किटं. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! सभेत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा प्यायला, कोणी नुसता ओठाला लावला, कोणी तसाच ठेवला. गोपाळरावांनी कशाचीही भीड न ठेवता नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, लोकांवर बहिष्काराची पाळी आली, आणि रानड्यांसारख्या माणसालासुद्धा शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सुधारकांनी त्यावरूनही त्यांना बोल लावले.

प्राध्यापक सांगतात छान. पण शेवटी त्यांना राहवलं नाही. "माझे पणजोबा होते त्या यादीत. त्यांनी चहा प्यायला होता. पूर्ण."

"आमच्या पणजोबांनी बिस्किटसुद्धा खाल्लं होतं," ए विंगमधून आवाज आला.

त्या दिवशी पंचहौदला पन्नासएक माणसं असतील. आज पुण्यात ज्यांचे पणजोबा तिथे होते असे लोक जमवले, तर स. प. महाविद्यालयाचं मैदान अपुरं पडेल. आणि ज्यांच्या पणजोबांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, असा मला अजून एकही पुणेकर भेटलेला नाही. तो वंशच बुडाला असावा.

मला त्या चहाचं एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. त्याला किंमत होती. एक घोट घेतला तर श्राद्धाला भटजी मिळायचा नाही, मुलीचं लग्न अडायचं. आगरकरांना तर या गावाने जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघायला लावली. अमोत्झ झहावी नावाच्या इस्रायली प्राणिशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मोराच्या पिसाऱ्याबद्दल असंच काहीसं मांडलं होतं: एवढं ओझं ओढत, वैऱ्याच्या नजरेत भरत जो जगून दाखवतो, त्याच्या तब्येतीबद्दल लांडोरीला खात्री पटते. पिसारा स्वस्त असता, तर प्रत्येक मरतुकड्या मोराने लावला असता. आमच्या पार्किंगमध्ये नेमके ते स्वस्त पिसारे फुलले होते.

ते मिटवले तळमजल्यावरच्या वहिनींनी. या बाई सभेत कधी बोलत नाहीत, म्हणून त्यांना कोणी अडवलं नाही. "बोर्ड काढाच," त्या म्हणाल्या, "पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना जायला संडास नाही. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत त्या घराघरांत असतात. पार्किंगमधल्या संडासात आपण गणपतीचं मखर आणि माळ्याची अवजारं ठेवलीत. ते मोकळं करून नळ, दार, फरशी करून घेऊ. प्लंबरला विचारलंय. प्रत्येक फ्लॅटला सातशे रुपये येतील."

एवढा वेळ जे पंखे गरगरत होते, त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

मग चेअरमन म्हणाले, कल्पना स्तुत्य आहे. 'स्तुत्य' म्हटलं की समजायचं, गेली. सायकलकाका म्हणाले, आमच्याकडे मावशीच नाहीत, तेव्हा आमच्यावर हा भुर्दंड तत्त्वात बसतो का बघा. एकाने सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या पैशातून, करता येईल का विचारलं. सिंकिंग फंडाला हात लावता येत नाही म्हणून दुसऱ्याने बजावलं. मखर कुठे ठेवायचं, हा धार्मिक भावनेचा प्रश्न निघाला. ज्यांच्या मावशी सोफ्यावर बसतात त्या काकू म्हणाल्या, "आमच्या मावशी घरच्यासारख्याच आहेत हो, पण पाणी जपून वापरायला पाहिजे ना आपल्याला." नव्या मुलीने मध्येच विचारलं, की राज्यात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, तर आपल्यापैकी कोणी मावशींची नोंदणी करायला मदत केली आहे का? तिच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं, की बिचारी खाली बसली.

संडासाचा विषय तत्त्वतः मंजूर झाला. तीन कोटेशनं मागवायला उपसमिती नेमली आणि वहिनींना तिच्यात घेतलं नाही, कारण त्यांनी आधीच प्लंबरशी बोलून निःपक्षपातीपणा गमावला होता.

आणि बोर्ड? तो निघाला. त्याच्या जागी लिफ्टशेजारी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत 'श्रमाचा सन्मान हाच आमचा अभिमान' असं लिहायचं ठरलं. त्याचा खर्च एका सदस्याने तिथल्या तिथे दिला, फक्त खाली 'सौजन्य' म्हणून वडिलांचं नाव हवं होतं. ते अक्षर मजकुरापेक्षा मोठं झालंय हे पाटी लागल्यावर लक्षात आलं.

पाटी लागून काही दिवस झाले, तरी आमच्या मावशी घामाघूम होऊन चौथ्या मजल्यावर येत होत्या. मी म्हटलं, "मावशी, आता लिफ्टने या की. बोर्ड काढलाय."

"आले होते दादा, दोन-तीनदा," त्या पदराने मान पुसत म्हणाल्या. "पन जो आत भेटतो तो मला सांगतो, बोर्ड मीच काढायला लावला म्हणून. चार मजल्यांत चार जण. मग प्रत्येकाला बरं केलं म्हनावं लागतं. त्यापेक्षा जिना बरा." त्यांनी भांड्यांकडे मोर्चा वळवला आणि आतूनच विचारलं, "ते संडासाचं काय झालं, खालच्या वहिनी बोलल्या होत्या ते?"

"उपसमिती नेमलीय."

"म्हंजे नाहीच ना," मावशी म्हणाल्या आणि नळ सोडला.