‘रिंगू’ सत्यघटनेवर? एक खुलासा

वर्षअखेरीच्या आवडत्या सिनेमांच्या याद्यांसोबत यंदाही एक मजकूर फिरतोय: हिदेओ नाकाताचा जपानी भयपट ‘रिंगू’ (१९९८) सत्यघटनेवर आधारित आहे, त्यातली भूत झालेली सादाको खरंच विहिरीत मेली वगैरे. तसं काही नाही. सिनेमा कोजी सुझुकीच्या १९९१ च्या कादंबरीवरून केलेला आहे. त्यातली, पाहणाऱ्याचा जीव घेणारी शापित व्हिडिओ कॅसेट निव्वळ कल्पना.

मात्र सादाकोच्या आईच्या, शिझुकोच्या पात्रामागे खरा धागा सापडतो. टोकियोत १९१० साली फुकुराई तोमोकिची या मानसशास्त्रज्ञाने मिफुने चिझुको या तरुणीच्या अतींद्रिय दृष्टीचे प्रयोग घडवून आणले. एका प्रयोगात शिशाच्या बंद नळीतला कागद तिला न उघडता वाचायचा होता, तेही जमलेल्यांकडे पाठ करून. तिने मजकूर बरोबर सांगितला, पण तो परीक्षकांनी दिलेल्या नळीतला नव्हता. फुकुराईने सरावासाठी दिलेल्या नळीतला निघाला. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. १९११ च्या जानेवारीत तिने विष घेतलं, वय अवघं २४. (सिनेमातल्या पत्रकारांसमोरच्या प्रयोगाचा प्रसंग या पार्श्वभूमीवर पुन्हा बघा.)

‘प्रेरित’ म्हणा, हरकत नाही. ‘सत्यकथा’ म्हणून पुढे पाठवू नका. आणि हो, २००२ चा अमेरिकन ‘द रिंग’ हा रिमेक आहे, मूळ नव्हे.