नफावाढीची यादी आणि मामांची मुदत ठेव

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला तेव्हा ते मुदत ठेव मोडण्यासाठी बँकेत निघालेच होते. निमित्त होते व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘रिझर्व्ह बँकेनुसार खासगी बँकांची क्रमवारी’ या यादीचे. तिच्यात बँका वर्षभरातील नफावाढीच्या टक्केवारीनुसार लावल्या आहेत, वरच्या पाच ‘सर्वांत भक्कम’ ठरवल्या आहेत आणि दहाव्या क्रमांकाखालच्या बँकांतून ठेवी ताबडतोब काढाव्यात, असे फर्मान सोडले आहे. मामांची बँक बारावी होती.

रिझर्व्ह बँक अशी क्रमवारी जाहीर करत नाही. तपासणीनंतर ती बँकांना जो दर्जा देते तो गोपनीय असतो. दरवर्षी जाहीर होते ती देशाच्या वित्तव्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँकांची नावे. त्यांत स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय आहेत, आणि तिथेही निकष आकार व गुंतागुंतीचा आहे, गुणवत्तेचा नव्हे.

खरा घोळ नफावाढीच्या निकषात आहे. नफा 100 कोटींवरून 300 कोटींवर गेला की वाढ 200 टक्के. 10,000 कोटींवरून 11,500 कोटींवर गेला की फक्त 15 टक्के. या हिशेबाने पहिली बँक भक्कम आणि दुसरी डळमळीत ठरते! शिवाय बँकेचा नफा हा तिने थकलेली कर्जे किती प्रामाणिकपणे मान्य केली यावर अवलंबून असतो. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्यापोटी नफ्यातून तरतूद करावी लागते, म्हणजे संभाव्य नुकसानीसाठी रक्कम बाजूला काढावी लागते. कर्ज थकलेच नाही असे दाखवले, तर तरतूदही टळते आणि नफा फुगतो. येस बँकेने मार्च 2016 अखेर आपली ढोबळ अनुत्पादक कर्जे सुमारे 749 कोटी रुपये दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तोच आकडा सुमारे 4,926 कोटी निघाला. त्या वर्षी बँकेने 2,500 कोटींहून अधिक नफा दाखवला होता आणि वाढ वीस टक्क्यांच्या वर होती. अशी यादी तेव्हा निघाली असती, तर ही बँक तळाशी खासच नसती. ही तफावत पुढच्या वर्षीच्या वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये छापलेली होती, पण टिपा वाचतो कोण?

नफ्याला किंमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तोटा सोसायला पहिली गादी नफ्याचीच असते. पण तो एकूण मालमत्तेच्या तुलनेत आणि चार-पाच वर्षांचा पाहावा लागतो, सोबत भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती) आणि तरतुदींचे प्रमाण धरूनच.

‘जास्त व्याज देते ती बँक सक्षम’ हे यादीखालचे वाक्य तर उलटे आहे. जिच्याकडे चालू व बचत खात्यांतला स्वस्त पैसा भरपूर आहे, तिला ठेवींसाठी चढा दर देण्याची निकड सहसा नसते.

सर्वांत घातक आहे तो पैसे काढण्याचा सल्ला, कारण सगळे एकदम धावले तर धडधाकट बँकही अडचणीत येते. येस बँकेवर 5 मार्च 2020 रोजी निर्बंध आले, खात्यातून पैसे काढण्यावर 50,000 रुपयांची मर्यादा लागली आणि 18 मार्चला ती उठली. लक्ष्मी विलास बँकेवर त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला निर्बंध आले आणि 27 नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. त्या दिवसांत ठेवीदारांचे हाल झाले हे खरे, पण ठेवी बुडाल्या नाहीत. येस बँकेत शून्य झाले ते सुमारे 8,415 कोटींचे अतिरिक्त भांडवली रोखे, म्हणजे बँक बुडू लागली तर ज्यांची किंमत शून्य करता येते असे गुंतवणूकदारांचे रोखे, ठेवी नव्हेत. शिवाय फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, सर्व शाखांतील मुद्दल व व्याज मिळून, 5 लाखांपर्यंत विमा आहे. मामांची ठेव व्याजासह साडेतीन लाखांची आहे. विम्याच्या मर्यादेहून मोठी रक्कम असेल तर ती दोन-तीन बँकांत विभागावी, हे मी मान्य करतो. पण त्याचा या यादीशी संबंध नाही.

मग मामांची बँक बारावी का? तिचा वार्षिक अहवाल उघडला, तर आदल्या वर्षी एका जुन्या बुडीत कर्जाची मोठी वसुली झाली होती, म्हणून तेव्हाचा नफा फुगला होता आणि त्याच्या तुलनेत यंदाची वाढ उणे दिसत होती. मामांनी ठेव मोडली नाही. यादी मात्र त्यांनी मला फोन करण्यापूर्वीच सोसायटीच्या गटावर टाकली होती.