कुळाला लागलेला व्हायरस

रविवारी पोह्यांवर जीरावन भुरभुरवत होतो, तोच काकांचा फोन. "अरे, आपला कुळवृत्तांत तुझ्या त्या डबीत आहे ना? नव्या सुनेचं नाव घालायचंय. आजच."

डबी म्हणजे माझी एक्स्टर्नल हार्डडिस्क. इंदूरच्या जेल रोडवरून 1 टीबी म्हणून आणली, घरी जोडली तर 931 जीबी. दुकानदार म्हणाला, "भिया, कंपनी हज़ार से गिनती है, कंप्यूटर एक हज़ार चौबीस से." मी मान्य केलं. आमच्या दूधवाल्याचं लिटरही याच शास्त्राने भरतं.

डबी जोडली आणि पडद्यावर अँटीव्हायरसची लाल पाटी झळकली: 47 धोके सापडले! खाली चाळीस-पन्नास अक्षरांची नावं, वाचताना दम लागावा अशी. त्यात एकच ओळखीचं निघालं: काकांच्या जुन्या मराठी फॉन्टचं सेटअप. युनिकोड रुळण्याआधीचे ते फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला देवनागरी मुखवटा. अँटीव्हायरसला त्याचा संशय का यावा? तर फाइलवर कुणाची डिजिटल सही नाही, तिला कुणी ओळखत नाही आणि आल्या आल्या ती विंडोजच्या फोल्डरात हात घालते. आगापीछा ठाऊक नसलेला पाहुणा सरळ स्वयंपाकघरात शिरला, तर आमची आई याहून मोठी लाल पाटी दाखवते.

पण मी पडलो इंदूरकर. 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर घेणाऱ्या गावात शेंगांची टरफलं कुठल्या डब्यात टाकायची यावरही घरात मतदान होतं. तिथे 47 धोके घेऊन बसायचं? 'सगळं क्वारंटाइन' दाबलं. हात धुतले. पोहे गार झाले होते.

मग कुळवृत्तांत उघडायला गेलो. प्रत्येक फोल्डर नाहीसा, काहींच्या जागी 1 केबीचा शॉर्टकट. शंभर पानांचं कूळ 1 केबीत? काका ऐकते तर त्यांचा रक्तदाब काही टीबीत गेला असता.

भाचा आला. "मामा, फोल्डर कुठेही गेले नाहीत. व्हायरसने ते लपवले आणि त्यांच्याच नावाचे तोतये पुढे बसवले." त्याने काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब' लिहून वजा एच, वजा आर, वजा एस असं काहीबाही टाइप केलं आणि फोल्डर एकेक करून पडद्याआडून बाहेर आले. "पेनड्राइव्ह बाहेर कुठे लावला होता?" मी आठवलं. झेरॉक्सच्या दुकानात, आधार कार्डाची प्रिंट काढायला. तिथून तो माझ्या कंप्यूटरवर, तिथून डबीत. प्रिंटचे दहा रुपये, व्हायरस फुकट.

कुळवृत्तांत उघडला. पहिल्याच ओळीत कंस, सेमीकोलन, उद्गारचिन्हं. आमचे पूर्वज मल्हाररावांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, हे तिथे लिहिलेलं मला पाठ आहे. (इंदुरातलं प्रत्येक मराठी घर हेच सांगतं. सगळे खरे धरले तर पानिपतावर माणसं कमी पडायला नको होती.) पण पडद्यावर ते चिनी फौजेबरोबर आल्यासारखे दिसत होते. मुखवटा मीच क्वारंटाइनमध्ये कोंडला होता ना!

भाच्याने फॉन्टची ती फाइल एका वेबसाइटवर चढवली. सत्तरेक अँटीव्हायरस एकदम तपासतात म्हणे. "घरचे कागद इथे टाकू नका हं मामा, दुसऱ्यांना दिसू शकतात." निकाल आला. तिघे म्हणाले वाईट, बाकीच्यांना काही वावगं दिसलं नाही. तिघं काय, लग्नातल्या श्रीखंडालाही नावं ठेवतात. क्वारंटाइनमध्ये फाइल पुसत नाहीत, नुसती कुलुपात ठेवतात, म्हणून ती परत काढता आली. फॉन्ट बसला. पूर्वज शुद्ध मराठीत माळव्यात उतरले. सुनेचं नाव घातलं. काकांना फोन लावला.

"शाब्बास! आता पेनड्राइव्हमध्ये घाल आणि दहा प्रती काढून आण. त्याच झेरॉक्सवाल्याकडे जा बरं का, ओळखीचा आहे."