‘समितीकडे गेलात की मूल गेलं’ : फिरत्या मजकुरातला एकेक दावा तपासून

व्हॉट्सॲपच्या गटांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. थोडक्यात तो असा : ‘आई-वडील वारलेल्या मुलाला आजी-आजोबा, काका, मामा, मावशी सांभाळायला तयार असतील तर सरकारचा त्यात काही संबंध नाही. रक्ताचं नातं हाच पुरावा. बाल कल्याण समितीकडे अर्ज केलात तर चौकशीला माणसं घरी येतील, पत्र्याचं घर आणि तुटपुंजी कमाई बघून मूल बालगृहात टाकतील, तिथून ते दत्तक जाईल. कुठेही सही करू नका. तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्या, तेवढं पुरे.’

हे लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हा मजकूर वाचून ज्या आजीने अर्ज करायचं टाळलं, तिच्या नातवंडाचं नुकसान दर महिन्याला होतं आहे. बाल कल्याण समिती म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी, कायद्याने नेमलेली जिल्ह्याची समिती. तिच्याबद्दलच्या या मजकुरातला एकेक दावा तपासू या.

‘रक्ताचं नातं हाच पुरावा’

मुलाला घरी ठेवणं, शाळेत घालणं, ताप आला की दवाखान्यात नेणं, यासाठी आजीला कुणाचीही परवानगी लागत नाही. मजकुरातला तेवढा भाग खरा आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियमसुद्धा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण हे सांगताना ‘आई-वडील नाहीत आणि सांभाळायला कुणी तयार नाही’ असं म्हणतो. दारात आजी उभी असेल तर केवळ आई-वडील नाहीत एवढ्यावरून समिती मूल उचलून नेत नाही.

पण सांभाळ करणं आणि कायद्याने पालक असणं यांत अंतर आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अविवाहित अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलाचे नैसर्गिक पालक दोनच : वडील आणि त्यांच्यानंतर आई. आजोबा, काका, मामा त्या यादीत नाहीत. आई-वडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमला नसेल तर पालक नेमण्याचा अधिकार न्यायालयाचा, १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये न्यायालयाने काय बघायचं ते लिहिलं आहे : मुलाचं वय, लिंग, धर्म, इच्छुक पालकाचा स्वभाव आणि कुवत, नात्याची जवळीक, वारलेल्या आई-वडिलांची इच्छा, त्या माणसाचे मुलाशी किंवा त्याच्या मालमत्तेशी आधीचे संबंध, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मत. नात्याची जवळीक या यादीत आहे, पण ती अनेकांतली एक आहे. सगळ्यांच्या वर आहे मुलाचं हित.

मामा आणि काका दोघंही मूल मागत असतील तर तो वाद याच कायद्याने न्यायालयात सुटतो, भावकीच्या बैठकीत नाही. विम्याची रक्कम, अपघाताची भरपाई, आईचा भविष्य निर्वाह निधी, पासपोर्ट अशी कामं निघाली की ‘मी सख्खा काका आहे’ हे वाक्य कुठल्याच खिडकीवर चालत नाही.

‘पत्र्याचं घर आणि तुटपुंजी कमाई बघून मूल काढून घेतात’

सर्वांत जास्त भीती याच वाक्याने पसरते. म्हणून गृहचौकशीत नेमकं काय होतं ते सांगते.

जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून समाजसेवक किंवा क्षेत्र कार्यकर्ता घरी येतो. घरात कोण कोण राहतं, मूल कुठे आणि कुणाजवळ झोपतं, शाळा किती लांब आहे, घरात कुणाला मोठं आजारपण आहे का, दारूचं व्यसन आहे का, कमाई कुठून येते, मुलाच्या नावावर काय आहे, हे तो विचारतो. शेजाऱ्यांशी, वर्गशिक्षकांशी, अंगणवाडीताईंशी बोलतो. मुलाशी वेगळं बोलतो. हे सगळं ठरलेल्या नमुन्यात लिहून समितीसमोर ठेवलं जातं.

कमाईचा प्रश्न बहुतेक वेळा मदत कुठल्या योजनेतून देता येईल हे ठरवायला विचारतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेखाली प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीचे, महिन्याला ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं या योजनेत स्पष्टपणे धरलेली आहेत. म्हणजे ज्या गरिबीमुळे मूल जाईल अशी भीती घातली जाते, ती गरिबी इथे मदतीची अट आहे.

म्हातारपणाचंही तसंच. गुजरातमधल्या एका मुलाचे आई-वडील २०२१ च्या करोना लाटेत गेले. उच्च न्यायालयाने ताबा मावशीला दिला, कारण तिचं वय कमी, सरकारी नोकरी, मोठं कुटुंब. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि मूल वडिलांच्या आई-वडिलांकडे दिलं. उत्पन्न, वय किंवा कुटुंबाचा आकार एवढ्यावरच ताबा ठरवता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल ताब्याच्या वादातला आहे, समितीच्या चौकशीचा नाही. पण साठी-सत्तरीच्या माणसांना मूल मिळतच नाही असं म्हणणाऱ्याने तो वाचावा.

मुलाशी वेगळं का बोलतात, याचा अनेकांना राग येतो. ‘आमच्यावर संशय घेता का?’ असं मोठी माणसं विचारतात. राग मला समजतो. पोरगा किंवा सून गेल्याला महिना झालेला नसतो आणि कुणी परका वहीपेन घेऊन ओसरीवर बसतो. तरीही तो प्रश्न विचारलाच पाहिजे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. बारा वर्षांच्या मुलीला चुलत्याच्या घरी शाळा सोडून धुणीभांडी करावी लागत असतील किंवा तिचं लग्न ठरत असेल, तर ती ते चुलत्यासमोर बोलणार नाही. चांगल्या घराला या प्रश्नाने दहा मिनिटांचा त्रास होतो. वाईट घरातल्या मुलीला बोलण्याची तेवढी एकच जागा असते.

आणि एक प्रश्न असा आहे जो मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा वाटतो : ‘आजी, तुम्ही आजारी पडलात तर याला कोण बघेल?’ नातेवाइकांनी तो आपसांत विचारलेला नसतो. दुःखाच्या घरात तो कुणाच्या तोंडून निघत नाही. बाहेरच्या माणसाने विचारला की मग मावशीचं नाव पुढे येतं, तिचा फोन नंबर कागदावर येतो.

‘तिथून मूल दत्तक जातं’

नाही. दत्तकासाठी मूल ‘कायदेशीररीत्या मुक्त’ घोषित व्हावं लागतं. अनाथ मुलाबाबत ती घोषणा चौकशीनंतर आणि सांभाळायला कुणी नाही असं दिसल्यावरच होते. समितीच्या एका सदस्याला ती करता येत नाही, किमान तिघांचा निर्णय लागतो. मूल मागायला आजोबा उभे असतील, त्यांची गृहचौकशी झालेली असेल, तर ‘कुणी नाही’ असं लिहिणं अवघड होतं. म्हणजे चौकशी टाळणाऱ्या नातेवाइकाची बाजूच कागदावर येत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये तत्त्व म्हणूनच लिहिलेलं आहे.

‘तलाठ्याकडे वारस नोंद करा, पुरे’

संपूर्ण मजकुरात हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं.

बाप वारला की सातबारावर मुलाचं नाव लागतं आणि पुढे ‘अ.पा.क.’ म्हणून चुलत्याचं किंवा आजोबांचं नाव येतं. अज्ञान पालनकर्ता. गावात पुष्कळांना वाटतं की हे नाव लागलं म्हणजे जमिनीचा कारभार, विक्रीसह, त्या माणसाच्या हातात आला. तसं मुळीच नाही. १९५६ च्या त्याच अधिनियमाचं कलम ११ म्हणतं की प्रत्यक्षात सांभाळ करतो एवढ्या कारणाने कुणालाही हिंदू अज्ञानाची मालमत्ता विकता येत नाही किंवा तिचा व्यवहार करता येत नाही. सख्ख्या आईलासुद्धा मुलाची जमीन विकायला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते, तिने पालकत्व मिळत नाही.

तरीही व्यवहार होतात. रस्त्यालगतचं अर्धा एकर, विहिरीतला हिस्सा, घराची जागा. मूल सातवीत असतं, त्याला कुणी विचारत नाही. अठरा वर्षांचं झाल्यावर त्याने वकील शोधायचा, कागद काढायचे आणि ज्यांच्या घरी जेवला त्यांच्याविरुद्ध दावा लावायचा. किती मुलं हे करतील? गृहचौकशीत ‘मुलाच्या नावावर काय आहे’ हा प्रश्न येतो तो यासाठी. त्या एका ओळीमुळे मुलाकडे काय होतं याची सरकारी कागदावर नोंद राहते. ‘कुठेही सही करू नका’ हा सल्ला प्रामाणिक आजीच्या उपयोगाचा नाही. तो कुणाच्या उपयोगाचा आहे, हे ज्याने त्याने आपल्या भावकीत बघावं.

पैशांबद्दल

मजकुरात याचा उल्लेखच नाही. महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आधी ते १,१०० होते. योजना संस्थाबाह्य आहे, म्हणजे मूल घरीच राहतं. दोन्ही पालक गेलेलं मूल तर पात्र आहेच, एकच पालक असलेलंही आहे. अर्जासोबत मृत्यूचे दाखले, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो लागतो. मग गृहचौकशी, मग समितीचा आदेश. चौकशीला नकार म्हणजे या पैशांना नकार.

तक्रार कुठे रास्त आहे

बाल न्याय कायद्यानुसार सामाजिक तपासणी अहवाल (गृहचौकशीचा अहवाल) १५ दिवसांत आणि अंतिम आदेश मूल समितीसमोर आल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवा. समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसायला हवं. प्रत्यक्षात पदं रिकामी असतात, एका कार्यकर्त्याकडे अनेक तालुके असतात, आजीला एसटीने जिल्ह्याला चकरा माराव्या लागतात, मंजूर झालेलं अनुदानही थकतं. काही जण घरी येऊन पोलिसी भाषेत बोलतात. याबद्दल मोठ्याने बोललं पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून चौकशीच नको म्हटलं तर उशीर तसाच राहतो आणि मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

समितीकडे जाताना प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आदेशाची प्रत मागा. अहवालात चुकीचं लिहिलं असेल तर लेखी हरकत द्या, शिक्षकांचं किंवा शेजाऱ्यांचं पत्र जोडा. समितीच्या कारभाराबद्दल तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आदेशच मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना मोफत वकील देतं. आणि मूल आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावा, तो फोन दिवसरात्र चालू असतो.